चुडा घालून ये, सुखीबाई

दिग्रसच्या वाचनालयात पाणी भरणाऱ्या सुखीबाईबद्दल लिहायचं मी फार वर्षं टाळलं. आता लिहिते, कारण चूक माझी होती आणि ती कबूल करायला माझ्याशिवाय कोणी उरलेलं नाही.

साल एकसष्ट. मी बी.ए. होऊन गावी परतले आणि लगेच वाचनालयाची चिटणीस झाले. दर शनिवारी संध्याकाळी 'आपले दिग्रस' या विषयावर व्याख्यान असे. बोलणार बापूजी, निवृत्त हेडमास्तर आणि वाचनालयाचे अध्यक्ष. चार व्याख्यानं देवळं, वेशी आणि बाजार यांत गेली. लोक सरळ डुलक्या काढत. पाचवं होतं बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य वाहणाऱ्या लमाणांवर. मीच सुचवलं, आपली सुखीबाई तांड्यावरचीच आहे, तिला पूर्ण पेहरावात मंचावर उभी करू. बापूजी खूश.

सुखीबाई चाळिशीची. दोन वर्षांपूर्वी नवरा गेला, तेव्हाच तिने कोपरावरचा चुडा आणि केसांत गुंफलेल्या चांदीच्या घुगऱ्या उतरवून गाठोड्यात बांधल्या. विधवेने धाकट्या दिराचं घर धरावं, हा तांड्याचा रिवाज. दीर देवीलाल वाट बघतच होता. ती म्हणायची, माझी भाकर मी कमावते, मग त्याच्या घरी काहून जाऊ? कमाई होती तोवर तांड्याचा नायकही तिला भाग पाडत नव्हता.

'चुडा घालून ये' हा माझा निरोप ऐकून ती झाडू टेकवून खालीच बसली. विधवेने चुडा पुन्हा चढवला म्हणजे दिराला होकार, आणि चार माणसांत दिलेला होकार फिरवता येत नाही, हे तिने मला समजावलं. मी बापूजींकडे गेले. ते म्हणाले, "नलू, नाटकातल्या बायका मंगळसूत्र घालतात, त्यांची काय लग्नं लागतात?" पत्रकं वाटून झाली होती. तिला जमत नसेल तर सोमवारपासून दुसरी बाई बघू, म्हणाले.

मी भांडायला हवं होतं. नाही भांडले. चिटणीसपद मला आवडत होतं.

शनिवारी दालन भरलं. देवीलाल नवा पटका बांधून पहिल्या रांगेत. मागून कोणी तरी विचारलं, भाषन ऐकाले आला का वरात घेऊन? सुखीबाई मंचावर आली ती उघड्या दंडांनी. चुडा आणि घुगऱ्या हातातल्या थाळीत. बापूजी हळूच म्हणाले, घाल. ती सगळ्यांना ऐकू जाईल अशी बोलली.

"मास्तर, हे घातलं तं देवीलालच्या घरी जा लागते. नाई घातलं तं काम जाते, मंग भी त्याच्याच घरी जा लागते. तुमी गावाचा इतिहास सांगता, तं हे भी सांगा. मी जाऊ कुठं?"

बापूजींनी चष्मा पुसला. हे सौभाग्यवतीचे अलंकार, एवढं म्हणून ते मिठाच्या भावाकडे वळले. ती तासभर थाळी धरून उभी होती. त्या दिवशी एकालाही डुलकी लागली नाही. शेवटी टाळ्याही पडल्या.

सोमवारी दुसरी बाई पाणी भरत होती. मी राजीनामा दिला नाही, तेही लिहून टाकते.

होळीच्या आधी सुखीबाई बाजारात दिसली. दंड चुड्याने भरलेले, मान हलली की घुगऱ्या वाजत होत्या. मागे देवीलाल मिरच्यांची घासाघीस करत होता. मी नजर चुकवून पुढे निघाले. तीच थांबली.

"नलूबाई, आता बलाव मले भाषनाले," ती म्हणाली. "आता आंगावर सारं हाये."