डाग पडणारी रोपं

बटाट्याच्या संशोधन केंद्रात लहानथोर सगळे तिला ताईच म्हणत, वयाने मोठे असलेले संचालकसुद्धा. एका फुलातले पुंकेसर चिमट्याने काढायचे आणि दुसऱ्या झाडाचे पराग तिथे लावायचे, यातच तिचं निम्मं आयुष्य गेलं. वैरी एकच, करपा. दिसायला बुरशी, पण जातकुळी पाण्यातली. ओल मिळाली की हिरवंगार शेत बघता बघता काळंठिक्कर करणारा.

एका रानटी बटाट्यात तिला हवं ते जनुक सापडलं. ते ज्या रोपात उतरे, त्याच्या पानावर करपा पडला तरी रुजत नसे. त्यातून तिने नवा वाण काढला. पानावर औषधालाही डाग नाही. पहिलं बेणं तिने धाकट्या भावाला दिलं आणि सगळ्या शेतात हेच लाव म्हणून गळ घातली. तो मुळात सावध माणूस. पण बहिणीचा शब्द त्याने मोडला नाही.

काही वर्षं सुखाची गेली. मग एका ओल्या हंगामात भावजयीचा फोन आला, येऊन जा.

बांधावर पाय ठेवण्याआधीच कुजका वास आला. ताईने एक पान उलटून पाहिलं. खाली पांढरी लव होती. तिला सगळं उमगलं. ते जनुक करप्याला ज्या खुणेवरून ओळखायचं, ती खूणच करप्याने टाकून दिली होती. राखणदार एकच, आणि तो फसला होता.

भाऊ वाफ्यात बसून होता. त्याने एक बटाटा उकरला, बोटांनी दाबला, खाली ठेवला.

"ताई, असं होऊ शकतं हे तुला माहीत होतं?"

"होतं. इतक्या लवकर होईल असं वाटलं नव्हतं."

"मग सांगायचं होतंस."

एवढंच बोलून तो उठला. त्यानंतर बरेच दिवस त्या घरातून फोन भावजयच करायची.

केंद्रात परतल्यावर ताई मागच्या वाफ्याकडे वळली. तिथे टाकाऊ ठरवलेली रोपं होती. त्यांच्यावर डाग पडत, पण पसरत नसत. चार पानं जात, झाड उभं राही. ही ताकद एका जनुकाची नव्हती, अनेकांची होती, प्रत्येकाची चिमूटभर. अशी रोपं तिने आजवर स्वतःच्या हाताने उपटून फेकली होती. संचालकांनी विचारलं, डाग पडणारा वाण घेणार कोण? ती म्हणाली, बारा वर्षांनी उकिरड्याचाही पांग फिटतो म्हणतात, बघू या.

काम गोगलगायीच्या चालीने चाललं. एका संकरात बटाटे गोटीएवढे निघाले, दुसऱ्यात कडू. ती निवृत्त झाली तेव्हाही वाण अर्धवटच होता. तिच्या हाताखाली शिकलेल्या मुलीने तो पुरा केला.

बेणं घेऊन ताई स्वतः भावाकडे गेली. या वेळी तिने आधी सगळे धोके सांगितले. करपा येईल, पानं जातील, उतारा थोडा कमी पडेल. भाऊ एका पट्ट्यात लावून बघतो म्हणाला.

हंगाम ओलाच गेला. खालची पानं डागाळली, वरची टिकली. काढणीला ताईही गेली. बटाटे मध्यम होते, काही वेडेवाकडे, पण घट्ट. दोघं भावंडं शेजारी बसून माती झटकत राहिली. दिवस कलल्यावर भाऊ हात पुसत म्हणाला, "आज राहून जा."

ती राहिली.