घरगुती कारणास्तव

यादीत पाच नावं होती आणि चौथं नाव माझ्या वर्गातल्या अश्विनीचं होतं.

एप्रिल संपत आला होता. नववीचा निकाल अजून लागायचा होता. मुख्याध्यापकांनी मला केबिनमध्ये बोलावून कागद पुढे सरकवला. शेजारी पर्यवेक्षक गायके सर बसले होते. मी त्या वर्षी नववी 'ब'ची क्लास टीचर होते. नोकरीचं दुसरं वर्ष, अजून पर्मनंट नव्हते.

"या पालकांना फोन करा. सतरा नंबरचं समजावून सांगा," मुख्याध्यापक म्हणाले.

सतरा नंबर म्हणजे दहावीला बाहेरून बसण्याचा फॉर्म. शाळा सुटलेल्या, काम करणाऱ्या मुलांसाठी ती चांगली सोय आहे. पण अशा मुलांचा निकाल शाळेच्या टक्केवारीत धरत नाहीत. हर्सूल भागातली आमची शाळा दरवर्षी गेटवर शंभर टक्के निकालाचा फ्लेक्स लावते. त्यासाठी नववीतल्या कच्च्या मुलांना कुणी नापास करत नाही. पालकांना बोलावतात, टीसी न्यायला सांगतात. टीसी म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला. तो घेतला की मूल आमचं राहत नाही.

हे सगळं मला तोपर्यंत माहीत नव्हतं. मी इंग्लिश मीडियमच्या शाळेत शिकले. तिथेही मुलं मध्येच दिसेनाशी व्हायची. त्यांच्या वडिलांची बदली झाली असेल, असं आम्हाला वाटायचं.

"सर, अश्विनीचं गणित कच्चं आहे. पण ती रोज येते," मी म्हणाले.

"रोज येण्याचे मार्क बोर्ड देतं का?"

"वर्षभर घेतलं तिच्याकडून तर होईल."

सरांनी ड्रॉवरमधून एक कोरा कागद काढला. "मग लिहून द्या. ही मुलगी दहावीला पास होईल, जबाबदारी माझी. खाली सही करा. मी आत्ता नाव काढतो."

गायके सर खिडकीबाहेर बघत राहिले. मी कागदाकडे बघितलं. त्यावर आखलेल्या रेघा होत्या, डावीकडे समास होता. मी म्हणाले, "बघते, सर." कागद घडी करून पर्समध्ये टाकला आणि बाहेर आले.

अश्विनी मागून दुसऱ्या बाकावर बसायची. गणिताच्या तासाला ती फळ्यावरचं सगळं जसंच्या तसं उतरवून घ्यायची, चूक झाली की स्केलने रेघ मारून खोडायची. तिची वही वर्गात सगळ्यांत नीटनेटकी होती. उदाहरण मात्र एकही तिला स्वतः सोडवता यायचं नाही. आईने तिला पाचवीत सिल्लोडकडच्या गावातून इथे आणलं होतं. आई चिकलठाण्याच्या एका कंपनीत पॅकिंगला होती. मुलगी दहावी झाली की तिला नर्सिंगला घालायचं, हे आईने मला प्रत्येक पालकसभेत सांगितलं होतं.

मी फोन केल्यावर आई दुसऱ्याच दिवशी पहिली शिफ्ट करून आली. कंपनीचं ओळखपत्र गळ्यात तसंच होतं. अश्विनी सोबत होती.

"काय म्हणायलेत मॅडम? फेल झाली का आमची?"

"फेल नाही," मी म्हणाले. मग गायके सरांनी सूत्रं हातात घेतली. शाळेत येण्याजाण्याचा त्रास नाही, घरी बसून अभ्यास, बोर्ड तेच, सर्टिफिकेट तेच. ते छान बोलतात. ऐकता ऐकता मलाही क्षणभर पटलं.

आईने माझ्याकडे बघितलं. "मॅडम, तुम्ही सांगा. पोरगी धाव्वीला बसंल ना?"

"बसेल," मी म्हणाले.

"मग झालं. तुम्ही म्हणायल्या म्हंजी बराबरच असंल."

टीसीसाठी पालकाचा अर्ज लागतो. आई म्हणाली, "मला सहीपुरतंच येतंय. तुम्हीच लिवा, मॅडम." मी पर्स उघडली. हाताला तोच कागद लागला. अर्जाचं मराठी मला येत नव्हतं, म्हणून गायके सर सांगत गेले आणि मी लिहीत गेले. "माझी पाल्य... घरगुती कारणास्तव... पुढील शिक्षण आपल्या शाळेत घेऊ शकत नाही... तरी दाखला देण्यात यावा, ही नम्र विनंती."

अश्विनी माझ्या खांद्यामागून वाचत होती.

"मॅडम, आमच्या घरी काय कारण आहे?"

गायके सर हसले. "बघा, वाचन चांगलं आहे हिचं."

आईने तिला गप केलं आणि हळूहळू, अक्षर अक्षर जोडत सही केली. कागद शाळेच्या फाइलला गेला. मी अश्विनीला म्हणाले, "फॉर्म भरायला लागतील तेव्हा बघू." कधी, कुठे, कुणी भरायचा, हे मी सांगितलं नाही. मला ते नीट माहीतही नव्हतं आणि विचारायची लाज वाटली.

पावसाळ्यात फॉर्म सुरू झाले. तेव्हा मला सातवी दिली होती. स्टाफरूमच्या बोर्डवर सूचना लागली, मी ती वाचली. अश्विनी आठवली. तिच्या आईचा नंबर नववीच्या रजिस्टरमध्ये होता आणि रजिस्टर ऑफिसात जमा होतं. ऑफिसात जाऊन मागायचं म्हणजे कशाला, ते सांगावं लागलं असतं. आईने भरला असेलच, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

दिवाळीच्या सुट्टीनंतर आई गेटवर उभी दिसली. प्लॅस्टिकच्या पिशवीत टीसी होता, घडीसुद्धा न मोडलेला.

"मॅडम, पोरीचा नंबर कधी येतोय? शेजारच्या पोरी म्हणायल्यात परीक्षा जवळ आली."

"फॉर्म कुठून भरला तुम्ही?"

"म्हंजी? तुम्हीच नाय का भरला? माझ्यासमोर लिवला की. मी सही केली."

उशिराने भरायची तारीखही चार दिवसांपूर्वी संपली होती. मी बोर्डाच्या ऑफिसात गेले. तिथल्या बाईंनी नीट ऐकून घेतलं आणि साइट बंद झाल्याचं दाखवलं. परत येऊन मी मुख्याध्यापकांना विचारलं, तिला शाळेत पुन्हा घेता येईल का?

"दहावीची यादी गेली, मॅडम. आणि आपण कुणाला काढत नाही. पालक नेतात. अर्ज आहे फाइलला." पुढे म्हणाले, "अक्षर कुणाचं आहे, तेही बघून घ्या हवं तर."

आईला मी बाहेर येऊन सांगितलं. वाटलं होतं, ती ओरडेल. तिने पिशवीला पुन्हा गाठ मारली. "वर्ष गेलं म्हणा की," एवढंच म्हणाली आणि सेकंड शिफ्टला गेली.

पुढच्या वर्षी निकाल शंभर टक्के लागला. फ्लेक्सवर शिक्षकांचे पासपोर्ट फोटोही होते, माझाही होता. फॉर्म सुरू झाले त्याच दिवशी मी फोन केला. या वेळी नंबर माझ्याकडे होता. अश्विनीने उचलला.

"मी येते तुझ्याकडे. आपण दोघी मिळून भरू," मी म्हणाले.

"नको मॅडम. आईच्या हाताचं ऑपरेशन झालंय. ती घरी असते. तिच्या जागेवर मी जाते आता पॅकिंगला." मग म्हणाली, "आता आहे घरी कारण."

तिच्या आवाजात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं.

मी अजून त्याच शाळेत आहे. आता पर्मनंट आहे. एप्रिलमध्ये यादी येते, पालक येतात आणि अर्ज बऱ्याचदा मीच लिहिते, कारण आता मला ते मराठी पाठ झालंय. एकच बदल केलाय. पालक निघताना मी वेगळ्या चिठ्ठीवर माझा नंबर लिहून देते आणि वर मोठ्या अक्षरात लिहिते: आज जो लिहिला, तो फॉर्म नाही.