हिशेब कुठून आला, ते सरांना माहीत होतं

पारकर सर गेल्याचं मला आगरदांड्याच्या जेट्टीवर कळलं. दिघीची बोट लागलेली होती. तासाभरात बोर्ली पंचतनला त्यांच्या घरी पोचले असते... मी बोटीत चढले नाही.

सर आम्हाला सातवीला मराठी शिकवायचे. शब्दांचं त्यांना वेड. माझे अब्बा शिंपी. बाजाराच्या दिवशी सर आमच्या दुकानातल्या स्टुलावर बसून त्यांना शब्द विचारायचे. एकदा वर्गात फळ्यावर ‘हिशेब’ लिहून म्हणाले, “हा मूळचा अरबी, हिसाब. मोजणं. वजा, बाकी हेही तिकडचेच. गणित मात्र संस्कृतातून आलं.” मग माझ्याकडे वळले. “नसीमा, तुमच्या घरी अजून हिसाबच म्हणतात ना?” आमच्या घरातला शब्द फळ्यावर बघून मी दिवसभर हवेत होते.

शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत मी त्याच शब्दावर बोलले. भाषण सरांनी स्वतः सांगून माझ्याकडून लिहून घेतलं होतं. पाहुण्यांनी मला मध्येच थांबवलं. “आपल्या मराठी शब्दावर असा भलता हक्क सांगू नये, बाळ.” मी सरांकडे पाहिलं. ते चष्मा पुसत होते. मुख्याध्यापकांनी विचारलं, “पारकर, तुम्ही तपासलं नव्हतं का हे?”

“नाही,” सर म्हणाले. “तिने घरूनच लिहून आणलं.”

घरी अब्बा एवढंच म्हणाले, “घाबरला असेल गं मास्तर.” पुढचे कितीतरी बाजार त्यांनी ते स्टूल रिकामं ठेवलं. सर पुन्हा दुकानात आले नाहीत. अब्बा गेले तेव्हाही नाही.

गेल्या आठवड्यात मी अखेर सरांच्या पत्नीला, काकूंना, भेटायला गेले. “नसीमा ना गं तू?” त्यांनी लगेच ओळखलं. “फार वेळा नाव काढायचे तुझं. त्या पोरीला माझ्यामुळे ऐकून घ्यावं लागलं, म्हणायचे.”

“मला कधीच म्हणाले नाहीत, काकू.”

त्यांनी मला सरांच्या खोलीत नेलं. टेबलावर शब्दांच्या चिठ्ठ्यांचा लाकडी खोका होता. ‘ह’मध्ये ती सापडली, सरांच्या वळणदार अक्षरात : ‘हिशेब. अरबी हिसाब. सांगणारे : नसीमाचे वडील, शिंपी, बोर्ली.’ खाली तारीख. स्पर्धेच्या महिनाभर आधीची.

“घेऊन जा तुला हवी तर,” काकू म्हणाल्या.

मी चिठ्ठी होती तिथेच ठेवली. अब्बांची नोंद त्या घरात राहू दे.