माहेरच्या आढ्याला राहिलेलं बाशिंग

दुसऱ्याच्या घरात आढ्याला बांधून ठेवलेलं जुनं बाशिंग मी कुणाला न विचारता सोडलं. चूक म्हणाल तर एवढीच. पुढचं सगळं त्या बाशिंगामुळे झालं की उन्हामुळे, ते तुम्ही ठरवा... मला अजून ठरवता आलेलं नाही.

मी चिखलीत राहतो, एका शाळेत क्लार्क आहे. भूत, लागीर, उतारा या विषयांवर हसण्यात माझा हात धरणारा कुणी नव्हता. या ग्रुपवरचे अनुभव मी बायकोला आवाज काढून वाचून दाखवायचो. म्हणजे, ती घरात होती तोवर.

दिवाळीला सुनंदा माहेरी अमडापूरला गेली ती परत आलीच नाही. कारण माझं तोंड. त्याआधी तिच्या भावाच्या लग्नात भर पंगतीत मी तिची नक्कल केली. अख्खी पंगत हसली, ती सोडून. सासऱ्यांनी निरोप धाडला, "जावईबापू सोता न्यायले येतीन तं पाठवतो." त्यावर मी चहाच्या टपरीवर ऐटीत म्हणायचो, "आपल्या पायानं गेली, आपल्या पायानं येईल." मग सासरे वकिलाकडे जाऊन आल्याचं कानावर आलं, तेव्हा चहा कडू लागला. पण जाणार कसा? टपरीवर काय तोंड दाखवू?

अशात माझा मित्र प्रमोद आला. त्याचा धंदा लग्नाच्या व्हिडिओ शूटिंगचा, पण डोक्यात सिनेमा. त्यानं पिरियड फिल्म काढायला घेतली होती... इंग्रजांच्या काळातलं जोडपं, घरच्यांनी बळजबरीनं लावलेलं लग्न, दोघं एकमेकांशी बोलत नाहीत, आणि त्या अबोल्यातच हळूहळू प्रेम उगवतं. हिरो मी. कारण माझी मिशी, आणि मी फुकट होतो. शूटिंग कुठे? अमडापूरला, सुनंदाच्या काकूंच्या जुन्या धाब्याच्या घरात. काकू आता शेजारच्या स्लॅबच्या घरात राहतात, जुन्यात कुटार, म्हणजे गुरांचा भुसा, भरून ठेवतात. "तुले मुद्दाम हेच घर सापडलं काय बे?" मी विचारलं. "पिरियड लुक पाह्यजे गज्या," एवढंच तो बोलला.

हिरॉइन अकोल्याहून येणार होती. ती तापानं फणफणली. प्रमोद तडक सुनंदाकडे गेला.

"वहिनी, लग्नाचा एकच सीन आहे. करता काय?"

"याईच्यासंग बोला लागते काय?"

"नाई, पूर्ण सीनमधी अबोला आहे."

"मंग करतो. त्याची तं सवय आहे मले."

प्रमोदनं बाजारातून आणलेलं बाशिंग चमकीचं, थर्माकोलचं. मला ते पाहवेना. वर पाहिलं तर आढ्याला काळपटलेलं, बेगड उडालेलं, मण्यांच्या सरांचं खरंखुरं जुनं बाशिंग. कुटाराच्या पोत्यांवर चढून मी ते सोडलं, धूळ झटकली आणि माझ्याच हातानं सुनंदाच्या कपाळाला बांधलं. दिवाळीनंतर पहिल्यांदा तिला हात लागला. तिनं मान वळवली नाही, पण मागेही घेतली नाही.

अंतरपाट धरला. भर दुपार होती, पत्र्यासारखं तापलेलं ऊन, वाऱ्याचा पत्ता नाही. पाट खाली आला. समोर मण्यांच्या सरांआड सुनंदाचा चेहरा... आणि माझ्या डाव्या कानाशी, अगदी कानाशी, कुणीतरी म्हणालं,

"न्यान ना मले?"

बारीक, पोरसवदा आवाज. मानेवरून गार पाण्याचा ओघळ गेल्यासारखं झालं. आणि अंतरपाटापलीकडे हातभर अंतरावर बायको उभी असताना माझ्या तोंडून निघून गेलं, "हो. नेतो."

"कट! हा डायलॉग कोठून आणला बे?" प्रमोद ओरडला.

सुनंदाच्या डोळ्यांत पाणी होतं. ती घरी गेली, पिशवी भरून आली आणि माझ्या मोटरसायकलजवळ उभी राहिली. सासऱ्यांनी नारळ दिला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. शब्द तिला दिलाच नव्हता, हे सांगायची हिंमत कुणाला होणार? मी किक मारली. गाडी चिखलीपर्यंत अशी चालली, जशी ट्रिपल सीट चालते.

घरी आल्यावर पहिल्याच दुपारी शाळेतून आलो तर सुनंदा उंबऱ्यावर बसलेली. डोक्यावरून पदर, मांडीवर न सोडलेली पिशवी, नजर रस्त्याकडे. माझ्याकडे न पाहता म्हणाली, "आले काय न्यायले?"

आवाज तोच. बारीक.

मी खांदा हलवला तशी दचकली. "मी अठी केव्हा बसली?" तिला काही आठवेना. दुसऱ्या दुपारी तेच. तिसऱ्या दुपारी तेच. ताटावर बसवलं की घास खाली ठेवायची, "तठी गेल्यावर जेवीन." तठी म्हणजे कुठे, ते सांगता यायचं नाही. डॉक्टरांनी रक्त तपासलं, सगळं नॉर्मल. आठवड्याभरात तिच्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. माझी नक्कल करायची सवय तेव्हा गेली ती गेलीच.

प्रमोद लॅपटॉप घेऊन आला. तोंड उतरलेलं. क्लिप लावली. अंतरपाट खाली येतो, शांतता, मग माझा आवाज, "हो. नेतो." विचारणारं कुणी नाही. सुनंदाचे ओठ घट्ट मिटलेले. पण ओठांसमोरचे मणी... ते बाहेरच्या बाजूला हलत होते, त्यांच्या आडून कुणी बोलत असल्यासारखे.

"बाशिंग कुठे आहे?" मी विचारलं.

"त्याच दिवशी परत बांधलं ना मी, आढ्याले. आईची शपथ."

मला काय सुचलं कुणास ठाऊक, सुनंदाची पिशवी ओतली. साड्यांच्या तळाशी बाशिंग.

प्रमोद आणि मी, दोघांनी अमडापूर गाठलं. काकूंनी बाशिंग पाहिलं आणि खालीच बसल्या.

"कोणाले इचारून सोडलं जावईबापू? नवरीचं बाशिंग सासरच्या आढ्याले राह्यते. हे माहेरी काऊन आहे, एवढं तरी डोक्यात नाई आलं?"

सिनेमावाल्या दोन शहाण्यांच्या डोक्यात नव्हतं आलं. बाशिंग होतं काकूंच्या आजेसासऱ्यांच्या बहिणीचं. लहानपणी लग्न लागलं, शहाणी झाल्यावर न्यायला येऊ म्हणून सासरचे गेले. आले नाहीत. रोज दुपारी ती पिशवी घेऊन दारात बसायची. अन्न सोडलं, आणि दारातच गेली.

"आता काय करायचं काकू?"

"काय म्हंजे? नेतो म्हणले ना? मंग न्या."

काकूंनी सांगितलं, तिचं सासर हिवरा आश्रमाच्या पुढचं एक खेडं. दुसऱ्या दिवशी घरून निघालो. माझ्या मागे सुनंदा, तिच्या मांडीवर बाशिंग, आणि गाडी पुन्हा तशीच जड. तिथल्या घराचं आता टिनाचं छप्पर झालेलं. घरमालक माणूस हरभऱ्याच्या गंजीवरून उतरला. ऐकून म्हणाला, "असं कोनतं लगन आमच्यात झालं नाई भाऊ. जा तुमी."

त्याची बायको मात्र दारात उभी राहून सुनंदाच्या हाडकुळ्या हातांकडे पाहत होती. "सरका हो तुमी," ती नवऱ्याला म्हणाली. "दारात आलेली नवरी कोनी वापस लावते काय?" ती आत गेली, हळदकुंकू आणलं, आणि उंबऱ्यावर तांदळाचं माप ठेवलं.

यानंतरचं मी पाहिलं तसं लिहितो. बाशिंग माझ्या दोन्ही हातांत होतं. सुनंदा माझ्या मागे, अंगणात. तो माणूस बाजूला, त्याची बायको आत, हातभर लांब. वारा नव्हता. माप हललं, आणि आतल्या बाजूला लवंडलं. तांदूळ घरात पसरले.

त्या बाईनं बाशिंग माझ्या हातातून घेतलं आणि टिनाखालच्या आढ्याला बांधलं. नवरा आता तिच्यासाठी मुकाट्यानं स्टूल धरून उभा होता.

मागून सुनंदाचा आवाज आला, तिचा स्वतःचा. "ताई, भाकर आहे काय? भूक लागली."

तिथे ती जेवली, पोटभर. येताना गाडी हलकी होती.

आता तुम्ही म्हणाल, ऊन, उपास, मनाचे खेळ, जुनी गोष्ट लहानपणी तिच्या कानावर पडली असेल. मीही म्हणतो. पण मी ती कधीच ऐकली नव्हती. आणि ते माप? प्रमोदनं फिल्म अर्धवट सोडली, ती क्लिपही पुसून टाकली.

परवा सुनंदाला खरं सांगून टाकलं... ते "नेतो" तुला नव्हतं. ती कणीक मळत होती. हात थांबले. मला वाटलं, पिशवी भरते आता.

"वा!" ती म्हणाली. "मेलेलीले एका आवाजात हो म्हणलं. अन् मी चांगली जित्ती बसली होती, तं चिखलीहून अमडापूरपर्यंत गाडी निघे ना तुमची!"