पन्नास ग्रॅम

माझा दादा बॉक्सिंगमध्ये दोनदा राज्याचा विजेता होता, हे आता त्याच्याकडे शिकायला येणाऱ्यांनाही ठाऊक नाही. करंजाड्यातल्या एका सोसायटीच्या जिममध्ये तो शिकवतो. तिथे लोक वजन कमी करायला येतात. नेमकं हेच काम त्याच्या वाट्याला यावं, याचा मला अजून राग येतो.

नेरूळजवळच्या आमच्या गावाला तेव्हा त्याचा कोण अभिमान. देशाच्या शिबिरासाठी निवड चाचणी होती, तिथे निवडला गेला असता तर पुढे नोकरीही मिळाली असती. पण आपल्या वजनगटात बसायचं तर चार किलो उतरवायचे होते. भर मे महिन्यात तो रेनकोट घालून खाडीच्या बांधावर पळायचा, अंगातलं पाणी उतरावं म्हणून तोंडात चिंच धरून थुंकत राहायचा. शेवटच्या दिवशी तर पाण्यालाही शिवला नाही. आईला ते बघवेना. आमच्याकडे पाहुणा नको-नको म्हणत असतानाही ताट भरतात, आणि इथे पोटचं पोर घोटभर पाण्याला नाही म्हणत होतं.

चाचणीच्या सकाळी तो घरच्या काट्यावर उभा राहिला. वजन अगदी बरोबर भरलं. निघता निघता आई आडवी आली. हातातल्या ताटलीत बोंबलाच्या कालवणात कालवलेला भात.

"दोन घास खा रे पोरा. उपाशी पोटी कोन लढतो? माजी शपथ हाय तुला."

आईची शपथ मोडायची आमच्या घरात रीत नव्हती. त्याने उभ्यानेच खाल्लं. बॅग घेऊन मी सोबत होते. वाटेत मला म्हणाला, "घामात जाईल गं."

हॉलमधल्या काट्यावर दोनशे ग्रॅम जास्त निघाले. तासाभराची मुदत मिळाली. तो पुन्हा रेनकोट चढवून दोरीवर उड्या मारत सुटला. शेवटी समोरच्या सलूनमध्ये जाऊन डोकं भादरून आला. तरी पन्नास ग्रॅम उरलेच. रिंगमध्ये पाऊलही न टाकता तो बाद झाला.

घराच्या वळणावर थांबून म्हणाला, "आईला सांगायचं नाय. मी हरलो, बस."

मग गावाने ठेवायची ती नावं ठेवली. आई जिवंत असताना डोकं भादरलं म्हणून आईनेही तोंडसुख घेतलं. त्यानंतरही तो खेळला, पण शिबिराची संधी पुन्हा आली नाही. मग गुडघा गेला आणि सगळं संपलं. आई मात्र प्रत्येक लग्नाकार्यात सांगायची, "हरला तो हरला, पन मी त्याला उपाशी नाय पाठवला." दादा बाजूला बसून मान डोलवायचा. वीस वर्षं त्याने हे ऐकून घेतलं.

गेल्या वर्षी आई माझ्याकडे राहायला आली होती. माझी मुलगी डाएटच्या नादात जेवेना, तेव्हा आईने पुन्हा तीच टेप लावली. "तुज्या मामाला मी जेवू घालून पाठवला, म्हनून निदान उभा तरी रायला."

माझं डोकं फिरलं. "उभा राहिलाच नाही तो," मी म्हणाले, आणि सगळं सांगून टाकलं. भात, काटा, पन्नास ग्रॅम. शेवटचा शब्द तोंडातून गेला आणि वाटलं, त्याआधी माझी जीभ झडली असती तर बरं झालं असतं. आई कोरडेच हात पदराला पुसत राहिली.

पुढच्या रविवारी दादा जेवायला आला. त्याला सांगायची माझी हिंमत झाली नव्हती. आई नेहमीसारखी त्याला वाढायला बसली. पातेल्यातून भात काढला, आणि चमचा ताटावर तसाच धरून तिने विचारलं, "किती वाढू?"

उभ्या जन्मात तिने कुणाला असं विचारलं नव्हतं. दादाने माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली.