ताईच्या अल्बममधलं आकाश

ताईने तिच्या अख्ख्या लग्नात एकच गोष्ट मागितली होती. साडीचा रंग सासूने ठरवला, हॉल पप्पांनी ठरवला, कॉलेजच्या लॅबमधली नोकरी सोडायची हे सगळ्यांनी मिळून ठरवलं. ती कशालाच नाही म्हटली नाही. फक्त म्हणाली, प्री-वेडिंगचा एक फोटो मला धूमकेतूसोबत पाहिजे.

पप्पांना वाटलं, धूमकेतू म्हणजे ड्रोनसारखं काहीतरी भाड्याने आणायचं असतं. म्हणे, स्टुडिओवाल्याला विचार, पॅकेजमध्ये बसतं का.

आमचं घर शहाद्याजवळ, लोणखेड्यात. घराला गच्ची, आणि गच्चीवर आम्ही दोघं. ताई फिजिक्सवाली. मी आवाज काढणारा. लोकांच्या हळदीत, संगीतमध्ये माइक धरून मिमिक्री करतो, कार्डावर त्याला अँकर लिहितात. आमचा कॅमेरा सेकंडहँड, लेन्स त्याच्यासोबत आली तीच, दुर्बीण नाही. तारे सरकतात म्हणून फोटोत त्यांच्या रेघा येतात. त्यावर ताईने इलाज काढला होता. दोन फळ्या, दाराची एक बिजागरी आणि एक लांब बोल्ट. वरच्या फळीवर कॅमेरा बसवायचा, बिजागरी ध्रुवताऱ्याकडे लावायची आणि बोल्ट हळूहळू फिरवत राहायचं, म्हणजे फळी आकाशाच्या चालीने उघडत जाते. बोल्ट फिरवायचं काम माझ्याकडे. ताई म्हणायची, तुझं तोंड बंद राहतं असं जगात हे एकच काम आहे.

लॉकडाऊनमध्ये एक धूमकेतू आला होता. नेमका पावसाळ्यात. जगाने धूमकेतूचे फोटो टाकले, आमच्याकडे नुसते ढगांचे. ताई दोन दिवस कोणाशी धड बोलली नव्हती. म्हणून हा दुसरा ती सोडणार नव्हती. हा ऑक्टोबरात आला, आभाळ मोकळं, सूर्य बुडाल्यावर पश्चिमेला नुसत्या डोळ्यांनी दिसणारा. पुढचा येईल तेव्हा ती कोणत्या गच्चीवर असेल, तिला वर जाऊ देतील का, कोणाला माहीत होतं?

शूटिंग प्रकाशा गावाला, तापीच्या काठावर ठेवलं. स्टुडिओवाला दादा आपलाच, निम्म्या लग्नांत आम्ही बरोबरच असतो. उभं राहायची जागा ताईने आधीच येऊन बघून ठेवली होती. भाड्याचा गाऊन चिखलात लोळत होता आणि दाजी कोट घालून घामाघूम. शुक्र दिसायला लागला तसे दाजी म्हणाले, हाच का, छान आहे. ताई म्हणाली हा शुक्र, तुम्ही उजवीकडे वर बघा. त्यांनी मान वाकडी करून बघितलं, त्यांना काही दिसलं नाही. मग अंधार वाढला आणि कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर ते आलं. खाली बारीक ठिपका, वर लांब पुसट शेपूट. दाजी "अरे" म्हणाले. खोटं नाही सांगत, मनापासून म्हणाले.

आता कॅमेऱ्यामागे मी. शटर चार सेकंद उघडं राहणार, तोवर कोणी हलायचं नव्हतं. आणि नदीकाठचे मच्छर! पहिल्या फोटोत दाजींना तीन हात आले, पुढच्यात डोकं गायब. एक मात्र नीट आला. ताई, दाजी, खाली पाणी आणि वर तो. ताईने स्क्रीन बघितली आणि हसत माझ्या पाठीत असा धपाटा घातला की ट्रायपॉड पडता पडता वाचला. तशी ती मग लग्नातसुद्धा हसली नाही.

आमच्याकडे फोटो निवडायचे तर दादा सगळे फोटो दोन्ही घरांच्या ग्रुपवर टाकतो. ज्याला अंगठे जास्त, तो अल्बममध्ये. धूमकेतूच्या फोटोवर एक पण अंगठा आला नाही. दाजींच्या आत्याचा आवाजी मेसेज आला.

"वो सूनबाई, लगीनना फोटोमा हाऊ शेपटीवाला तारा कसाले? आमना घरमा असं नही चालस. उद्या कोनले काही व्हयनं तर?"

मी लगेच घरात तो आवाज काढून दाखवला. आई हसली, पप्पा पण हसले. मग पप्पांनी ग्रुपवर दोन हात जोडलेले टाकले आणि फोन खिशात ठेवला. ताई पोळ्या लाटत होती, लाटतच राहिली. मी म्हटलं, टेन्शन घेऊ नको, दादा आपला माणूस आहे, अल्बममध्ये तो फोटो असणार म्हणजे असणार.

लग्न झालं. संक्रांतीला ताई माहेरी आली, तिला न्यायला दाजी आणि सासू आले आणि त्याच दिवशी अल्बम पण आला. मखमली पेटी, वर दोघांची नावं सोनेरी. तो फोटो होता. अख्ख्या दोन पानांवर होता. ताई, दाजी, खाली पाणी. वर भगवं आकाश, कापसासारखे ढग आणि पक्ष्यांची एक ओळ. तापीवर असं आकाश मी जन्मात बघितलं नाही. सासू म्हणाल्या, "कितलं भारी शे." पप्पांनी चष्मा पुसून परत बघितलं. मी ताईकडे बघितलं. तिने पान उलटलं.

दुसऱ्या दिवशी ताई गेली आणि मी शिव्या पाठ करून स्टुडिओत गेलो. दादाच्या कॉम्प्युटरवर आकाशांचं एक फोल्डर आहे. दिवस ढगाळ निघाला की त्यातलं एखादं चिकटवतो. शहाद्यातल्या कितीतरी जोडप्यांच्या मागे तेच पक्षी उडतायत. मी विचारलं, कोणी सांगितलं तुला? आत्याने, की पप्पांनी?

दादा म्हणाला, तुझ्या ताईने.

तिचा फोन आला तेव्हा त्याला वाटलं मीच तिचा आवाज काढतोय. नाटकं बंद कर म्हणून त्याने फोन कापला. परत आला, परत कापला. मग ती स्वतः दुकानात आली, हळदीच्या आदल्या दिवशी. खुर्ची ओढून बसली आणि फोल्डरमधलं एकेक आकाश उघडून बघत राहिली.

"निवडलं पण तिनेच," दादा म्हणाला. "म्हणे, ज्याच्यात एक पण तारा नाही, ते लाव."

माझ्या शिव्या माझ्याकडेच राहिल्या. मूळ फोटो तो उडवणारच होता, तो मी पेन ड्राइव्हवर घेतला, फोनमध्ये पण घेतला आणि घरी येऊन, गाडी काढून कळसाडीला गेलो. ताईचं सासर तिथे.

नवी म्हैस दाखवते म्हणून ताईने मला मागे गोठ्यात नेलं. मी फोन पुढे केला. तिने दोन बोटांनी फोटो मोठा केला. स्वतःला बघितलं नाही, दाजींना पण नाही. त्या ठिपक्यापासून हळूहळू वर सरकत शेपूट संपेपर्यंत गेली. मग म्हणाली, फोकस माझ्यावर ठेवलास, त्याच्यावर ठेवायला पाहिजे होता.

मी म्हटलं, मोठी प्रिंट काढून आणतो, दाजी काही बोलणार नाहीत. ती म्हणाली, ते कशाला बोलतील, त्यांना नवं आकाशच आवडलं. मी आवाज चढवला. तुला हे एकच पाहिजे होतं ना, मग तूच कसं पुसलं?

ताईने आधी दाराकडे बघितलं.

"या घरमा उद्या कोनले साधा ताप उना, तरी बोट त्या फोटोकडेच जाई. तू गाडीवर बसीसन निघी जाशी. माले आठेच, याच घरमा ऱ्हानं शे."

मग तिने फोटो डिलीट केला. डिलीट झालेले जिथे पडून राहतात तिथे जाऊन तिथून पण काढला. फोन मला देताना विचारलं, अजून कुठे आहे का? मी नाही म्हटलं. पेन ड्राइव्ह घरी होता.

आत गेलो तर चहा तयार आणि आत्या पण येऊन बसलेल्या. म्हणे, भाऊ, तू म्हणे माझा आवाज काढतो, काढून दाखव. मी काढला. सूनबाई, हाऊ चहा गोड कसाले, इथून जे सुरू केलं ते म्हशीपर्यंत नेलं. आत्या पदर तोंडाला लावून हसल्या, सासू हसल्या, दाजींच्या कपातला चहा सांडला. ताई ट्रे घेऊन दारात उभी होती. सगळ्यांइतकीच हसली, ना कमी ना जास्त.

त्यांच्या घरात उन्हाळ्यात अजून एक लग्न आहे. अँकर म्हणून मलाच यायचं, तिथल्या तिथे ठरलं. मी हो म्हटलं. स्टुडिओ पण तोच ठरला. निघताना सासू गाडीपर्यंत आल्या आणि म्हणाल्या, दादाला आठवणीने सांगजो, आमच्या पोरीच्या फोटोत पण मागे तेच आकाश पाहिजे, पक्षीवालं.