कडी न लावणारं गाव

त्या गावात दाराला कडी लावत नाहीत. माणसं फार देवभोळी आहेत म्हणून नव्हे. भांडणात ती कुणाला हार जायची नाहीत. पण थंडी पडू लागली की पांढरी अस्वलं समुद्र गोठायची वाट बघत किनाऱ्यावर येऊन बसतात, महिनोन् महिने उपाशी, आणि त्यातलं एखादं गावात शिरतं. ते रस्त्यात समोर आलं तर दिसेल त्या दारात घुसायचं, मग ते घर जिवलग मित्राचं असो की सात पिढ्यांच्या वैऱ्याचं. म्हणून घरं उघडी, दुकानं उघडी, गाड्यासुद्धा उघड्या. गावातल्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक असतं.

हीच अस्वलं बघायला लांबलांबून पाहुणे येतात. त्यांना उंच चाकांच्या बसमधून किनाऱ्यावर फिरवून आणायचं काम अस्वलमामाकडे होतं. अंगानं आडवा आणि चालणं डुलत डुलत, म्हणून पोरांनी हे नाव ठेवलं, आणि त्यालाही ते आवडलं. बोलण्यात मामाचा हात धरणारं कुणी नव्हतं. पाहुण्याला अस्वल दिसो न दिसो, हसून हसून त्याचं पोट दुखलंच पाहिजे, असा त्याचा खाक्या होता. बस मेहुण्याच्या सहलींच्या कचेरीची. मामाच्या घरातल्या माडीवरच्या दोन खोल्यांत पाहुणे धाडायचा तोही मेहुणाच.

आणि दाराला कडी बसवून घेतली तीही त्यानंच. "भावोजी, शहरातल्या माणसांना कडीशिवाय झोप लागत नाही. नुसती दिसायला असू दे."

मामानं ती बसवली. नवे पाहुणे आले की तो दारात उभा राहून सांगायचा, "ही कडी शोभेची आहे बरं का! लावलीत तर अस्वल रुसतं. म्हणतं, एवढ्या लांबून चालत आलो आणि तोंडावर दार लावता?" पाहुणे खो खो हसायचे.

मामाच्या बायकोला सगळे काकू म्हणत. तिला हे कधीच पटलं नाही. "अहो, हसत हसत नका सांगू. त्यांना खरं वाटत नाही."

"अगं, घाबरवलं तर पुढच्या वर्षी येईल कोण?"

"घाबरू देत की थोडे. त्यानं काही बिघडत नाही."

ऐकावे जनाचे, करावे मनाचे. मामाचा सगळा संसार याच म्हणीवर चालला होता, आणि याच म्हणीवर तो बुडाला.

त्या वर्षी एक दंतवैद्य आणि त्यांच्या बाईसाहेब आले होते. तीन दिवस बसमधून फिरले, अस्वल काही दिसेना. "दगडच बघायचे होते तर आमच्या घरामागे टेकडी आहे," असं दंतवैद्य दर जेवणाला ऐकवू लागले. चौथ्या दिवशी सकाळी ते रुसून माडीवरच बसले. मामा बाकीच्यांना घेऊन किनाऱ्यावर गेला. काकू अंडी आणायला दुकानात गेली. घरात आपण दोघंच, खाली बॅगा उघड्या पडलेल्या, म्हणून बाईसाहेबांनी अंघोळीला जाताना कडी सरकवली. जन्मभराची सवय. आपण ती सरकवली हे त्यांच्या ध्यानातही नव्हतं, असं त्या मागाहून म्हणाल्या.

काकू घराजवळ आली आणि समोरच्या दोन पडव्यांमधून अस्वल बाहेर आलं.

तिनं सगळं बरोबर केलं. ती पळाली नाही. पाठ दाखवली नाही. अंड्यांची पिशवी हळूच खाली ठेवली आणि अस्वलाकडे तोंड करून एकेक पाऊल मागे सरत गेली. शेजारणीचं दार जास्त जवळ होतं, पण स्वतःचं दार थेट पाठीमागे होतं, आणि स्वतःच्या दारावर कोण शंका घेतं? तिनं हात मागे नेऊन दार ढकललं. ते हललं नाही.

मग मात्र तिनं दोन्ही मुठींनी दार बडवलं.

माडीवर दंतवैद्य खिडकीशी उभे होते. तीन दिवस जे दिसत नव्हतं ते एकदाचं दिसलं, आणि कॅमेरा डोळ्याला लावून, अस्वलाखेरीज दुसरं काही न बघता, ते आनंदानं ओरडत होते. तेवढ्यात अस्वल खिडकीखाली दिसेनासं झालं आणि खाली धडाधड आवाज झाला. अस्वल दार फोडतंय असं त्यांना वाटलं. ते धावत खाली आले आणि जेवणाचं टेबल ओढून दाराला लावलं. बाहेर कुणी ओरडत होतं हे त्यांनी ऐकलं होतं. लोक अस्वलाला हाकलत असतील, असं ते समजले. टेबल लावून ते पुन्हा वर गेले.

गावाचे बंदूकधारी पहारेकरी धावत आले, त्यांनी अस्वलाला गोळी घातली. काकूला त्याचा काही उपयोग नव्हता.

त्या दिवशी बसला मात्र अस्वलीण दिसली होती, दोन पिल्लांसह. पाहुणे खुशीत होते. वायरलेसवर निरोप आला तेव्हा मामा कडीचाच विनोद सांगत होता, आणि तो अजून पुरा व्हायचा होता.

मामानं दंतवैद्यांना एकच विचारलं. "अस्वल दार ठोठावतं का हो?"

ते ओठ चावत म्हणाले, "आम्हाला वाटलं, तुम्ही गंमत करत होतात." आणि निघताना, चांगल्या मनानंच, विचारून गेले, "फोटो पाठवू का? शेवटचे आहेत. काकूही आल्यात त्यात."

मामानं कडी उखडून समुद्रात फेकली. पुढच्या हंगामात तो पाहुण्यांना दारात उभं करायचा आणि न हसता सांगायचा, "दार आतून कधीही अडवू नका. माणूस मरतं." पाहुणे मुकाट्यानं वर जायचे आणि दुसऱ्या दिवशी कचेरीत तक्रार करायचे: माणूस सुतकी आहे, दाराला कडी नाही, बायकांना भीती वाटते.

मेहुणा नवी कडी घेऊन आला. "भावोजी, ताई माझीही होती. पण लोक सुट्टीवर येतात हो, मयताला नाही. कडी बसवा. आणि पहिल्यासारखं हसत सांगा. नाहीतर बस मला दुसऱ्या कुणाकडे द्यावी लागेल."

मामाला दुसरं काही येत नव्हतं. त्यानं स्क्रूड्रायव्हर काढला. दारातली जुनी भोकं तशीच होती. नवी कडी त्यात नेमकी बसली. काकूच्या भावानं आपल्या हातानं ती दोनदा सरकवून पाहिली.

दुपारी पाहुण्यांचा घोळका आला. मेहुणा मागे उभा राहून खाकरला. मामा दारात उभा राहिला आणि म्हणाला, "ही कडी शोभेची आहे बरं का! लावलीत तर अस्वल रुसतं..." त्यानं सगळा विनोद सांगितला, एक शब्द न गाळता. सगळे हसले. एक तरुण मुलगी डोळे पुसत म्हणाली, "मामा, तुम्ही कसले भारी आहात!"

मामा बस पुसायला बाहेर आला. चार पावलं जातो न जातो तोच मागे कडी सरकल्याचा आवाज झाला. तो परत फिरला आणि त्यानं दोन्ही मुठींनी दार बडवलं.

आतून तीच मुलगी खिदळत ओरडली, "ए, उघडू नका! अस्वल आलंय!"